गावाचा नकाशा कोणी काढावा?



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी या शाळेत अनेक वर्षे भूगोल शिकविला. नकाशा हा आधी पायांनी वाचायचा आणि मग डोळ्यांनी, असे ते सांगत, हे त्यांच्या विद्यार्थ्यांकडून आपण सर्वांनी ऐकले आहे. त्यांच्या नावाने बोलायचे तर विषय नकाशाचाच असावा, असे मला वाटले. मात्र आजचा नकाशा पाठ्यपुस्तकातला नाही. तो आहे नगर व ग्राम नियोजन खात्याचा. त्यावर आपल्या गावातले शेत हिरव्या रंगात असते. एके दिवशी तेच शेत वसाहतीच्या रंगात दिसू लागते, आणि शेतात मात्र त्या दिवशी काहीच घडलेले नसते. हा रंग कोण बदलतो, कशासाठी बदलतो, आणि गावकऱ्यांनी त्याला विरोध का केला, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम थोडी कायद्याची वाट समजून घेऊ. गोव्यातील भू-वापराचे नियमन मुख्यतः १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याने होते. या कायद्याखाली साऱ्या राज्याचा प्रादेशिक आराखडा तयार होतो, आणि ज्या भागांना नियोजन क्षेत्र म्हणून घोषित केले आहे तेथे नियोजन व विकास प्राधिकरणांचे आराखडे चालतात. आपण व्यवहारात ज्याला ‘झोन’ म्हणतो तो या आराखड्यातला विभाग. शेत, बागायत, वसाहत, उद्योग असे ते विभाग. जमीन वसाहत विभागात आली म्हणजे लगेच घर उभे राहत नाही. पुढे खात्याची तांत्रिक मंजुरी लागते. १९६८ च्या जमीन महसूल संहितेखाली बिगरशेती वापराची सनद लागते. आणि मग पंचायतीचा बांधकाम परवाना लागतो. परंतु विभाग हा या साखळीचा पहिला दुवा आहे. तो बदलला की पुढचे दुवे बहुतेक वेळा आपोआप जुळत जातात. म्हणून गावाला जाग यायची ती पहिल्या दुव्यापाशी. दुर्दैवाने गावाला जाग येते ती शेवटच्या दुव्यापाशी, मातीचे ट्रक येऊ लागल्यावर.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. संतापाच्या भरात आपण साऱ्याचा दोष पंचायतीवर टाकतो. गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. बांधकाम परवाना त्या देतात, आणि तो देताना कित्येकदा डोळे मिटून देतात, हे खरे आहे. पण जमिनीचा विभाग ठरविण्याचा अंतिम अधिकार त्यांच्याकडे नाही. तो राज्याच्या नियोजन यंत्रणेकडे आहे. म्हणजे ज्या संस्थेच्या दारात आपण मोर्चा नेतो, तिच्या हाती निर्णयाचे एक टोक असते. दुसरे टोक पणजीत असते. ही दोन टोके एकमेकांकडे बोट दाखवू लागली की सामान्य गावकरी मधल्यामध्ये थकून जातो. विरोध करणाऱ्याने कोणाच्या दारात कोणती मागणी न्यायची, हे आधी ठरवले पाहिजे.

आता प्रश्न असा की, एखाद्याने आपल्या मालकीच्या शेताचा विभाग बदलून घेतला तर इतरांचे काय बिघडते? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर भावनेने देऊन चालणार नाही. ते आपल्या भूमीच्या रचनेतूनच द्यावे लागेल.

आपल्या गावांची घडण वरून खाली पाहावी. सर्वांत वर जांभ्या दगडाचे पठार. उन्हाळ्यात ते ओसाड, निरुपयोगी भासते. पण पावसाचे पाणी तेथेच मुरते आणि जांभ्याच्या सच्छिद्र थरांतून हळूहळू उतरत पायथ्याशी झरीच्या रूपाने बाहेर येते. त्या झरीवर कुळागरे उभी आहेत; पोफळी, माड, केळी, मिरीचे वेल त्या पाण्यावर वाढतात. त्याखाली भाताची शेते, पावसाळी ‘सरद’ आणि पाण्याची सोय असेल तेथे उन्हाळी ‘वायंगण’. आणि सर्वांत खाली, नदीच्या काठी, खाजन. ही खाजन जमीन भरतीच्या पातळीहूनही खालची. मातीचे बांध घालून ती खाऱ्या पाण्यापासून मिळविलेली आहे. बांधाला मानस असते. भरती आली की मानशीची दारे पाण्याच्याच दाबाने मिटतात, ओहोटी लागली की उघडतात आणि आतले पाणी नदीत जाते. विजेवाचून चालणारे हे यंत्र आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके चालविले. गोव्याचे एकूण क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. त्यात सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन आहे, असे मानले जाते.

या रचनेत कोणताही तुकडा एकटा नाही. पठारावर काँक्रीट घातले की झर आटते. तिचे परिणाम पठाराच्या मालकाला भोगावे लागत नाहीत, पायथ्याच्या कुळागरवाल्याला भोगावे लागतात. डोंगराचा उतार कापला की पावसात माती शेतात येते. खाजनातला एक तुकडा भर घालून उंच केला की त्या जागेवर पसरणारे पाणी नाहीसे होत नाही. ते शेजारच्या शेतात आणि पुढे वाड्यावरच्या घरांत जाते. आणि खाजनाचा बांध हा साऱ्यांचा मिळून एक असतो. ज्यांना शेत करायचे नाही त्यांची संख्या वाढली की बांधाची डागडुजी करणारे हात कमी होतात. एका जागी बांध फुटला तर खारे पाणी साऱ्यांच्याच शेतात शिरते. म्हणून मालकी जरी सातबाऱ्याप्रमाणे, किंवा आपल्या भाषेत बोलायचे तर एक-चौदाच्या उताऱ्याप्रमाणे, तुकड्यातुकड्यांची असली, तरी पाणी मात्र साऱ्या गावाचे असते. आराखडा नावाची वस्तू जन्माला आली ती याचसाठी. साऱ्या गावाचा एकत्र विचार करणारा कागद म्हणजे आराखडा. तोच तुकड्यातुकड्याने बदलू लागला तर त्याचे आराखडापण संपते.

आपल्याकडे हा एकत्र विचार नवा नाही. गावकारी, जिला पुढे कोमुनिदाद म्हटले गेले, ती संस्था पोर्तुगीजांच्या आधीपासूनची. १५२६ साली अफोंसो मेशिया या अधिकाऱ्याने तिच्या रूढींची लेखी नोंद केली. शेते लिलावाने कसायला देणे, बांध राखणे, मानशीची व्यवस्था पाहणे, देवस्थानाचा खर्च चालविणे ही कामे ती करीत असे. परंतु या संस्थेचे गुणगान करताना तिच्या मर्यादा झाकू नयेत. तिच्यात अधिकार होता तो मूळ गावकार घराण्यांतील पुरुषांना. प्रत्यक्ष राबणाऱ्या कित्येकांना तिच्या सभेत स्थान नव्हते, स्त्रियांना तर नव्हतेच. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला, तो या अन्यायाला उत्तर म्हणून आला आणि तो यायलाच हवा होता. मात्र कुळाला जमीन देताना बांधाची सामूहिक जबाबदारी ज्या संस्थेकडे होती ती दुबळी झाली, आणि तिच्या जागी आलेल्या कूळ संघटना सगळीकडे सारख्या समर्थ झाल्या नाहीत. जुनी सभा गेली, नवी ग्रामसभा अजून पुरती उभी राहिली नाही. या मधल्या पोकळीत जमिनीचा बाजार शिरला.

या पार्श्वभूमीवर गेल्या तीस वर्षांतील लोकलढ्यांकडे पाहावे.

फोंडा तालुक्यातील केरी गावाजवळ भूतखांबचे पठार आहे. तेथे ‘नायलॉन ६,६’ चा कारखाना येऊ घातला होता. पायथ्याच्या गावांनी पाण्याचा आणि प्रदूषणाचा प्रश्न विचारला. जानेवारी १९९५ मध्ये तेथे पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा बळी गेला. पुढे कारखाना गोव्याबाहेर गेला. पठार ‘पडीक’ नसते, ही गोष्ट गोव्याच्या जाहीर जीवनात प्रथम इतक्या मोठ्याने, आणि इतक्या मोठ्या किमतीने, तेथे उच्चारली गेली.

त्यानंतर २००६ साल. ऑगस्टमध्ये ‘प्रादेशिक आराखडा २०११’ अधिसूचित झाला. त्यात शेते, बागायती, डोंगरउतार आणि वनसदृश जमिनी मोठ्या प्रमाणात वसाहत विभागात गेल्याचे लोकांच्या ध्यानात आले. हे ध्यानात कसे आले, ते महत्त्वाचे आहे. जाणकार मंडळींनी नकाशे मिळविले, ते मोठे करून गावोगाव मांडले, आणि लोकांनी आपली शेते त्यात शोधली. ‘गोवा बचाव अभियान’ उभे राहिले. डॉ. ऑस्कर रिबेलो हे त्याचे निमंत्रक होते. डिसेंबर २००६ मध्ये पणजीच्या आझाद मैदानावर मोठी सभा झाली. त्यात सर्व धर्मांचे, सर्व पक्षांचे आणि कोणत्याही पक्षाचे नसलेले लोक होते. जानेवारी २००७ मध्ये मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे यांच्या सरकारने तो आराखडा मागे घेत असल्याचे जाहीर केले. अधिसूचित झालेला आराखडा सरकारने जनमतामुळे मागे घ्यावा, ही साधी घटना नव्हे. त्याच वर्षाच्या अखेरीस विशेष आर्थिक क्षेत्रेही रद्द करण्याची घोषणा झाली.

नवा आराखडा करण्यासाठी जे कृतिदल नेमले गेले, त्याचे उपाध्यक्षपद ख्यातनाम वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्याकडे होते. त्यातून ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ घडला. त्याचा मसुदा ग्रामपंचायतींकडे पाठविण्यात आला आणि गावांनी आपल्या सूचना त्यावर लिहाव्यात, अशी योजना झाली. भातशेते, खाजने, जलाशय, वने यांना पहिल्या प्रतीच्या पर्यावरणसंवेदनशील विभागात घालण्यात आले. तो २०११ पर्यंत टप्प्याटप्प्याने अधिसूचित झाला. त्यावरही तक्रारी झाल्या. गावाने लिहिले एक आणि छापून आले दुसरे, असा अनुभव अनेकांनी मांडला. २०१२ साली आलेल्या नव्या सरकारने तो स्थगित ठेवला, आणि २०१८ मध्ये तो पुन्हा अमलात आणण्यास सुरुवात झाली. त्याच वर्षी सांत आंद्रे भागातील गावे बृहत् पणजी नियोजन व विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रात घालण्याला तेथील गावकऱ्यांनी विरोध केला, आणि सरकारला ती वगळावी लागली.

पण पुढचे वळण अधिक सूक्ष्म होते. साऱ्या राज्याचा आराखडा बदलला तर सारे राज्य जागे होते, हे २००६ ने दाखविले होते. तेव्हा वैयक्तिक अर्जांवरून विभाग बदलण्याची वाट कायद्यातच तयार झाली. २०१८ मध्ये कलम १६ ब आले; त्याला न्यायालयात आव्हान मिळाले. २०२३ मध्ये कलम १७ (२) आले. त्याचा दर्शनी हेतू आराखड्यातील अनवधानाने राहिलेल्या चुका दुरुस्त करणे हा होता. २०२४ मध्ये कलम ३९ अ आले. त्यात विभाग बदलण्याआधी तीस दिवसांची हरकतींची मुदत ठेवलेली होती. कलम १७ (२) विरुद्ध गोवा फाउंडेशनसह काही संस्था मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेल्या. १३ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्या कलमाखालचे नियम व मार्गदर्शक सूचना रद्द केल्या आणि कलमाचा अर्थ मर्यादित केला. चूक दुरुस्त करण्याचा अधिकार हा आराखडा तुकड्यातुकड्याने मोडण्याचा अधिकार नव्हे, असा त्या निर्णयाचा मथितार्थ मी समजतो.

श्रोतेहो, येथवर ऐकून कोणाला वाटेल की ही सरळ गोष्ट आहे. एका बाजूला लोभी बाजार आणि दुसऱ्या बाजूला निष्पाप गाव. तसे असते तर मला येथे बोलण्याची गरज नव्हती. गोष्ट तशी नाही.

गावात असा मुंडकार आहे ज्याला वाढत्या कुटुंबासाठी दोन खोल्या हव्या आहेत. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला घराचे संरक्षण दिले; पण मुलाचे लग्न झाल्यावर नवे घर कोठे बांधायचे, हा त्याचा प्रश्न उरलाच. वाड्याला लागून असलेल्या चार पावलांच्या जागेत त्याला घर बांधता येत नाही, आणि मैलभर पलीकडे डोंगर फोडून शंभर सदनिका मात्र उभ्या राहतात. त्याने विभागबदलाचे स्वागत केले तर आपण त्याला गावद्रोही म्हणणार काय? गावात असा शेतकरीही आहे, ज्याचे शेत मजूर मिळत नाहीत म्हणून दहा वर्षे पडीक आहे. त्याला आपण ‘शेत राखा’ म्हणतो. पण ते शेत कसायला आपल्यापैकी कोण येते? शिवाय विरोध करणाऱ्यांत असेही असतात, ज्यांनी स्वतःचे घर शेतात बांधून झाल्यावर पुढच्यांना अडविण्याचा झेंडा हाती घेतलेला असतो. जो विरोध या माणसांना उत्तर देऊ शकत नाही, तो फार काळ टिकत नाही. विकासाच्या नावाने बोलणारे नेमके याच माणसांना पुढे करून गावात फूट पाडतात.

म्हणून माझी धारणा अशी की, गावाने ‘नको’ म्हणण्याबरोबरच ‘काय हवे’ हेही लिहून ठेवले पाहिजे. गावातल्या कुटुंबांना पुढच्या वीस वर्षांत किती घरे लागतील, आणि ती कोणत्या जागी, जुन्या वाड्यांना लागून, पाण्याची वाट न अडविता बांधता येतील, हे गावानेच मोजावे. पडीक शेते सामूहिकपणे कसण्याची व्यवस्था करावी. झरी, ओहोळ, मानशी, बांध, जुन्या पायवाटा यांची नोंद नकाशावर करावी. असा नकाशा हाती असलेली ग्रामसभा आणि केवळ घोषणा देणारी ग्रामसभा, यांत फार अंतर आहे. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान दिले. ते स्थान भरायचे काम कोणतीही दुरुस्ती करू शकत नाही. रविवारी सकाळी घराचा दरवाजा ओढून सभेला जावे लागते, आणि इतिवृत्तात आपला ठराव नीट लिहिला गेला की नाही ते पाहून मगच घरी परतावे लागते.

आता माजी विद्यार्थ्यांना उद्देशून थोडे स्पष्ट बोलतो. वडीलकीचा हक्क समजून त्यांनी ते ऐकावे. आपल्यापैकी अनेक जण मुंबई-पुण्यास, आखातात किंवा त्याहून दूर आहेत. शेत, कुळागर, डोंगरावरचे काजूचे भाट यांच्याशी आपला संबंध आता उताऱ्यावरील नावापुरता उरला असेल. पण ते नाव लहान नाही. गोव्यात चालत आलेल्या समान नागरी कायद्यामुळे वडिलार्जित मालमत्तेत मुलगा आणि मुलगी यांचा सारखा वाटा असतो, आणि स्थावर मालमत्ता विकताना सर्वसाधारणपणे पती व पत्नी दोघांचीही सही लागते. भारतात अन्यत्र स्त्रियांना ज्यासाठी झगडावे लागले, ते बळ येथे घरात पडून आहे. गावाच्या जमिनीचे भवितव्य ठरविणारी सही पुष्कळदा एखाद्या मंत्र्याची नसते. ती मडगावला दिलेल्या बहिणीची असते, दुबईतील भावाची असते, आणि ती वटमुखत्यारपत्रावर, काय विकले जात आहे हे न वाचता केलेली असते.

जमीन विकू नये, असे मी म्हणणार नाही. आजारपण, शिक्षण, कर्ज ही कारणे खरी असतात. एवढेच मागणे आहे की, सही करण्यापूर्वी त्या जमिनीवर पाणी कोठून येते आणि कोठे जाते, हे एकदा विचारावे. तिचा विभाग बदलण्यासाठी अर्ज झाला आहे काय, हे पाहावे. आणि गावात राहिलेल्या शेजाऱ्याला, ज्याच्या शेतात उद्या ते पाणी शिरणार आहे, आधी कळवावे. हरकतीची मुदत तीस दिवसांची असेल तर दुबईतला माणूसही तीस दिवसांत पत्र लिहू शकतो. तुमच्या हरकतीला वजन आहे, कारण तुम्हाला त्यात लाभ सोडावा लागतो.

शाळेसाठीही एक काम सुचवितो. नववीच्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी गावाचा एक वाडा घ्यावा, शिक्षकांबरोबर तो चालावा, आणि तेथील विहिरी, झरी, बांध, शेते यांची नोंद करावी. कोणती वही कोणत्या साली कोणी लिहिली हे शाळेच्या दप्तरात राहावे. दहा वर्षांनी त्या वह्या गावाचा सर्वांत विश्वासार्ह नकाशा ठरतील, आणि हरकतीच्या सुनावणीत ‘येथे कधी झर नव्हतीच’ असे कोणी म्हणाला, तर त्याला दाखवायला काहीतरी असेल. भूगोलाच्या शिक्षकाचे यापरते उचित स्मारक मला सुचत नाही.

लढ्यात जिंकलेली जमीन पुन्हा पुन्हा जिंकावी लागते, हे गेल्या तीस वर्षांनी शिकविले. २००७ मध्ये जो आराखडा परतविला, त्याचाच हेतू पुढे वेगवेगळ्या कलमांतून परत आला. यात निराश होण्यासारखे काही नाही. खाजनाचा बांधही एकदा बांधून संपत नाही. दर पावसाळ्यापूर्वी त्यावर माती टाकावी लागते, खेकड्यांनी पाडलेली भोके बुजवावी लागतात. जे गाव हे काम पिढ्यानपिढ्या करीत आले, त्याला कागदावरचा बांध राखणे अवघड जाऊ नये.